'फसवणूक' लिहिलाय म्हणून एवढं लांब उत्तर

नमस्कार मालक,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मुलग्यानं दाखवला. विम्याचा हप्ता घ्यायला गोड बोलतो, क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही, दुकानाच्या आगीत 4 लाखाचा माल गेला आणि 2 लाख पण मिळाले नाहीत, एजंटनंच विम्याची रक्कम कमी टाकली, फसवणूक आहे, असं लिहिलाय.

फोन दोन दिवस लागला नाही हे खरं आहे, चूक झाली, माफी मागतो. जांबोटीकडं पाहुण्यांच्या मातीला गेलो होतो, तिकडं रेंज नसते. तरी आगीची खबर त्याच दिवशी मुलग्यानं कंपनीला दिली होती, क्लेम नंबर तुमच्या व्हॉट्सअपला आहे बघा.

पण 'रक्कम कमी टाकली' हे मात्र मनाला लागलं. तुम्ही चारचौघात लिहिलाय तर मी पण चारचौघातच सांगतो. रिन्यूअलला मी स्वतः दुकानात आलो होतो, तुमच्या गादीवर बसून चहा घेतला आणि विचारलो माल किती धरायचा. तुम्ही म्हणाला 10 लाखच धर, मागच्या वर्षीसारखं, उगाच हप्ता वाढवू नको. मी म्हणालो माळ्यावर पण साड्यांचे गठ्ठे दिसायलेत, दसरा-दिवाळीला माल डबल होतो, 20 धरूया की. फरक किती, तर जीएसटी धरून दीड हजाराच्या आत. तुम्ही हसला आणि म्हणाला आग काय रोज लागते काय. प्रपोजल फॉर्मवर 10 लाखाखाली सही तुमची आहे.

आता वाचणाऱ्या बाकी दुकानदारांना पण कळू दे. 1 एप्रिल 2021 पासून 5 कोटीपर्यंतच्या मालमत्तेला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आहे, त्यात विम्याची रक्कम मालाच्या किमतीपेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तर कंपनी त्यासाठी काही कापत नाही. त्याच्या पुढं कमी असली की प्रमाणात कापते. माल 20 लाखाचा, विमा 10 चा, म्हणजे निम्मा, मग 4 लाखाचं नुकसान असलं तरी हिशेब 2 लाखावर येतो, त्यातनं एक्सेस, म्हणजे दुकानदारानं स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, जाते. आणि माल 20 लाखाचा हे नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरला मी सांगितलो नाही. सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाचं लिमिट वाढवून घ्यायला तुम्हीच बँकेला जे स्टॉक स्टेटमेंट दिला होता त्यात आहे. बँकेला 20 आणि विम्याला 10, असं केल्यावर मी काय करू सांगा. पॉलिसीवर बँकेचं नाव आहे म्हणून पैसे पण सीसी खात्यात गेले, माझ्या खिशात नाही आले.

खरं सांगू, आगीपेक्षा बंबाच्या पाण्यानं जास्त साड्या गेल्या होत्या. भिजलेला माल पण आगीच्याच नुकसानीत धरतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही तर ते गठ्ठे बाहेर टाकायला निघाला होता. मी आणि मुलगा, दोघं दोन दिवस तिथं उभं राहून ओल्या साड्या मोजून यादी केली. ते रिव्ह्यूत कुठं दिसलं नाही. असू दे.

19 वर्षं बेळगावच्या शहापुरात हे काम करतो, एजंटला क्लेम पास करायचा अधिकार नसतो, तरी शिव्या पहिल्या आम्हालाच. तुमचं वाचून दोन जुन्या गिऱ्हाइकांनी रिन्यूअल थांबवलंय, हे पण तुम्हाला माहीत असू दे.

इथनं पुढं सणाच्या आधी सगळ्यांना फोन करून माल वाढला काय विचारायचं असं ठरवलोय, मुलग्याचा नंबर पण बोर्डावर घालतो, बघू. निकाल पटत नसेल तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्यायची, नाही जमलं तर बेंगळुरात विमा लोकपाल आहेत, फी नाही, वकील पण लागत नाही. अर्ज मी लिहून देतो, पैसे नकोत. तुमची फाईल काढून टेबलावर ठेवलोय, सही केलेला फॉर्म वरच आहे. दुकान बंद करून या, मी नऊपर्यंत असतो.