‘एका बोटाचं काम’ म्हणणाऱ्या वाचकांना

फोटोचं बॅकग्राउंड काढण्यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली इंदूरच्याच एका वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते (त्यातलं पेन टूल म्हणजे फोटोशॉप या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधलं, कडेने हाताने रेघ आखायचं साधन):

“काकू, एवढं रामायण कशाला? मोबाइलमध्ये फोटोवर बोट दाबून धरलं की माणूस आपोआप सुटा होतो. सोपं काम अवघड करून सांगितल्याशिवाय तुमच्या पिढीला चैन पडत नाही. पेन टूल आता कोण वापरतं? फोटोशॉपचे पैसे कोण भरणार? आणि लेख अर्धा केला असता तरी चाललं असतं.”

काकू म्हणालात त्याबद्दल काही नाही, वयाने मी तुमची काकू असेनच. पण काकू म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात पिढीचा उद्धार करायचा, ही पद्धत मला आवडली नाही. कोणी वेळ काढून, स्क्रीनशॉट काढून, स्वतःचं काम उघडं करून दाखवतो, त्याला ‘चैन पडत नाही’ म्हणणं हा मुद्दा नव्हे, हा शेरा आहे. मुद्दा असेल तर मी रात्रभर बसून बोलेन. शेऱ्याला काय उत्तर द्यायचं?

तरी देते, कारण हे ‘सोपं काम अवघड करून’ मनाला लागलं आहे.

मी कामाला लागले तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. इंदुरातल्या एका प्रोसेस स्टुडिओत, म्हणजे छपाईच्या निगेटिव्ह तयार व्हायच्या तिथे, लाइट टेबलवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि बारीक ब्रशने माणसाच्या कडेकडेने ओपेक, म्हणजे उजेड अडवणारा रंग, लावत जायचं. जिथे ओपेक बसलं तिथून उजेड जात नाही, म्हणजे छपाईत ती जागा कोरी. हेच आमचं बॅकग्राउंड काढणं. हात जरा हलला की कानाची पाळी गेली. मग ओल्या कापसाने पुसा, वाळू द्या, पुन्हा लावा. मान आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि संध्याकाळी साहेब ती निगेटिव्ह उजेडासमोर धरून एकेक कड तपासायचे. ज्या बाईने हे केलं आहे, ती सोपं काम मुद्दाम अवघड करेल असं तुम्हाला कशावरून वाटलं? आमच्यापैकी कोणालाही विचारा. प्रत्येक नवी सोय आली तेव्हा सगळ्यात आधी आम्हीच तिच्यावर झडप घातली.

आणि सोयी येतच राहिल्या. फोटोशॉपमध्ये पाथ (पेन टूलने आखलेल्या रेघा) आले 1991 साली, दुसऱ्या आवृत्तीत. 1994 ला लेयर (फोटोचे एकावर एक ठेवलेले थर) आले. 1999 ला 5.5 आवृत्तीत ‘एक्स्ट्रॅक्ट’ आलं: कडेवरून हिरवं मार्कर फिरवा, आत रंग ओता, केस सुटे. तेव्हाही आमच्याकडे नवीन लागलेली मुलं हेच म्हणाली होती, आता पेन टूलला कोण विचारतो. आज ते एक्स्ट्रॅक्ट कुठे आहे? सीएस4 या आवृत्तीपासून ते फोटोशॉपसोबत येणंही बंद झालं. पेन टूल मात्र जागच्या जागी आहे. पुढे 2018 मध्ये फोटोशॉपचं ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ (एका बटणात माणूस निवडणारं) आलं, त्याच वर्षाच्या शेवटी रिमूव्ह डॉट बीजी (बॅकग्राउंड काढून देणारी वेबसाइट) आलं, 2022 ला आयफोनमध्ये तुमचं बोट दाबून धरणं आलं. मी तिन्ही वापरते. हो, वापरते. साध्या भिंतीपुढे ठेवलेलं स्टीलचं पातेलं असेल, ठळक रंगाचा शर्ट घातलेला माणूस असेल, फोटो फक्त व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लावायचा असेल, तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, पेन टूल उघडायची गरज नाही. एवढं मी मोकळ्या मनाने मान्य करते.

पण माझा लेख पातेल्यावर नव्हता. तो माहेश्वरी साडीच्या फोटोवर होता, आणि ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

महेश्वर आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिथली रेशीम-सुताची साडी हातात घेऊन उजेडाकडे धरा. आरपार दिसतं. फोटोत बाईने पदर हातावर पसरला असेल तर त्या पदरातून मागची भिंत दिसते. आता तुमचं बोट काय करतं? पदर माणसाचा म्हणून धरतं, आणि भिंतीचा पिवळेपणा त्या पदरातच राहतो. मग एम. टी. क्लॉथ मार्केटमधला व्यापारी तो फोटो पांढऱ्यावर ठेवतो आणि विचारतो, साडी तर मोतिया रंगाची होती, ही कळकट का दिसते? कधी याच्या उलट होतं. झिरझिरीत भाग बॅकग्राउंड समजून उडतो आणि पदराला भोक पडतं. दोन्ही प्रकार माझ्या टेबलावर आले आहेत.

हे का होतं ते लेखात होतं, पुन्हा सांगते. कडेवरचा पिक्सेल बहुतेक वेळा शुद्ध साडीचा नसतो, शुद्ध भिंतीचाही नसतो. साठ टक्के धागा, चाळीस टक्के भिंत, असं मिश्रण असतं. झिरझिरीत कापडात तर फक्त कड नव्हे, सगळा पदरच असा मिश्र असतो. म्हणजे कामं दोन आहेत. एक, कुठे किती पारदर्शक ते ठरवणं. दोन, मिश्रणात मुरलेला भिंतीचा रंग काढून धाग्याचा खरा रंग परत आणणं. बटण पहिलं काम अंदाजाने करतं. दुसरं पुष्कळदा करतच नाही, आणि केलं तरी शेजारच्या पिक्सेलचा रंग ओढून घेतं, त्यात काठाची बारीक नक्षी फिसकटते. माहेश्वरीचा काठ म्हणजे किल्ल्याच्या भिंतींवरून उचललेली चटई, वीट, हिरा. ती विणकराने धागा मोजून घातलेली असते. तिचे कोपरे गोल झालेले मला बघवत नाहीत.

म्हणून मी काय करते? खांदा, हात, निऱ्यांची बाहेरची रेघ, म्हणजे जिथे कड टणक आहे तिथे पेन टूलने पाथ मारते, कडेच्या किंचित आतून, आणि सिलेक्शन करताना अर्धा पिक्सेल फेदर देते, म्हणजे कड किंचित मऊ करते. त्या सिलेक्शनचा लेयर मास्क, म्हणजे नको तो भाग न खोडता लपवणारा पडदा. खोडरबर नाही, कारण खोडलेलं परत येत नाही आणि मास्क हवा तेव्हा बदलता येतो. पदर वेगळ्या लेयरवर. त्याच्या मास्कवर पांढरा म्हणजे दिसणार, काळा म्हणजे लपणार, आणि झिरझिरीत भागासाठी मधला राखाडी, कापड दुमडलंय तिथे जरा उजळ, एकेरी आहे तिथे गडद. वर एक लेयर कलर मोडमध्ये (रंग बदलतो, उजेड-सावली तशीच राहते), पदराला क्लिप केलेला, म्हणजे फक्त पदरावरच दिसणारा, आणि त्यात साडीच्या दाट भागातून उचललेला रंग हलक्या ब्रशने. पिवळेपणा जातो, विणकाम तसंच राहतं. केस शेवटी, ‘सिलेक्ट अँड मास्क’ या कड नीट करायच्या खिडकीत. यात रामायण कुठे आहे? हातात बसलं की झपाझप होतं.

आणि पेन टूल कोण वापरतं, असं तुम्ही अगदी ठासून विचारलंय. ज्याला कॅटलॉग छापायचा आहे तो वापरतो. ज्याला अॅमेझॉनवर माल लावायचा आहे तोही वापरतो, कारण तिथे मुख्य फोटोचं बॅकग्राउंड शुद्ध पांढरं, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही रंग पूर्ण 255, असंच लागतं, आणि त्यावर पिवळी कड लगेच डोळ्यांत भरते.

आणखी एक सांगते, म्हणजे हा नुसता धंद्याचा विषय वाटायला नको. रामबागेतल्या एका घरातून आजोबांचा फोटो आला होता, श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी. डोक्यावर पांढरी टोपी, मागे चुन्याची भिंत. मुलांनी आधी मोबाइलवरच बॅकग्राउंड काढून पाहिलं होतं. टोपी आणि भिंत एकाच रंगाची, मध्ये फक्त एक पुसट सावली. मोबाइलने भिंतीबरोबर टोपीचा वरचा अर्धा भागही नेला. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर कोणाला दिसलं नाही. फ्लेक्सवर पुरुषभर उंचीला दिसलं, आणि तेही बैठकीला लोक जमले तेव्हा. मग मूळ फोटो माझ्याकडे आला. चष्म्याच्या काचेतून मागची खुंटी दिसत होती, तीही काढायची होती. टोपीची वरची रेघ फोटोत जवळजवळ नव्हतीच. टोपी कशी बसते हे मला ठाऊक होतं म्हणून पेनने ती रेघ मारता आली. तुमच्या घरचे आजोबा असते तर ‘एका बोटात झालं की’ म्हणून तुम्ही तो फ्लेक्स लावला असता का? मला खरंच उत्तर हवं आहे.

पैशांचं म्हणाल तर फोटोशॉपसारखंच गिंप नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पाथही आहे आणि लेयर मास्कही, आणि हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात होतं. लांबीबद्दल मी काही बोलणार नाही. ज्यांना शिकायचं होतं त्यांनी शेवटपर्यंत वाचून शंका विचारल्या आहेत, त्यांना उत्तरंही दिली आहेत.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. उलट एक विनंती आहे. बोटाने सुटा केलेला तुमचा कुठलाही एक फोटो पाठवा, साडीचा, ओढणीचा किंवा मोकळ्या केसांचा, सोबत मूळ फोटोही. पाठवण्याआधी त्याच्याखाली एक गडद निळा लेयर टाका, दोनशे टक्के झूम करा आणि कडेवरून एकदा सावकाश नजर फिरवा. तेवढं करूनही पाठवावासा वाटला तर पाठवा, मी तो इथेच लावेन आणि शेजारी माझा.