ताई, तुमचं पुस्तक जुनं होतं का?

आज दुपारी कोर्टातून ऑफिसला आले तर मोहोळ तालुक्यातल्या एक मावशी डोळे पुसत जिना उतरत होत्या. काय झालं विचारलं. "काही नाही मॅडम, वाटा बसत नाही म्हणले आत." वडील 1999 ला वारले. वडिलोपार्जित नऊ एकर, तीन भाऊ, वाटणी आजवर झालेली नाही. आत बसलेला मुलगा एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, महिनाभर माझ्याकडे इंटर्नशिपला येतोय. त्यानं मोबाइल बघून सांगून टाकलं होतं की वडील 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, हयात नव्हते, म्हणून मुलीला हक्क नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.

निकाल आहे. प्रकाश विरुद्ध फुलवती, 2015. पण तो 11 ऑगस्ट 2020 ला तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मामध्ये ओव्हररूल केला, म्हणजे मोडीत काढला. मुलीचा हक्क जन्मानं येतो, वडील त्या तारखेला हयात असायची गरज नाही. आणि फुलवती धरून चाललं तरी 'वाटाच नाही' हे चूकच, कारण वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी वारस असतेच. म्हणजे पोरानं रद्द झालेला निकाल वाचला आणि तोही धड वाचला नाही.

"मॅडम, पहिली लिंक तीच होती," म्हणाला.

मी ओरडले. खूप ओरडले. मावशींना परत वर आणलं, पाणी दिलं, समजावून सांगितलं. पण माझा हात अजून थरथरतोय, कारण मी दहा मिनिटं उशिरा आले असते तर ती बाई एसटीत बसून गेली असती आणि पुन्हा कुठल्याच वकिलाच्या पायरीवर आली नसती.

मला 1996 आठवलं. वकिलीत मी नवीन. सीनियर त्या दिवशी हायकोर्टात, मुंबईला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या चाळीतली एक खोली, भाडेकरू यंत्रमाग कामगार, घरमालकाला खोली स्वतःसाठी हवी. आम्ही भाडेकरूकडून. आर्ग्युमेंट माझ्यावर आलं. कॉलेजच्या नोट्समध्ये होतं की भाडेकरूला काढायचं तर आधी ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी अॅक्टच्या कलम 106 ची, भाडेकरार संपवल्याची, नोटीस हवीच. नोटीस धड नव्हती. मी लायब्ररीतून एक जुना निकाल काढला, जवळजवळ पाठ केला आणि वीस मिनिटं नोटिशीवरच बोलले. समोरचे वकील उठले आणि एवढंच म्हणाले, "धनपाल चेट्टियार, 1979, सात न्यायमूर्ती." भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तिथे ती नोटीस लागत नाही. सतरा वर्षं झाली होती त्या निकालाला. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवला.

बाहेर व्हरांड्यात त्या कामगारानं मला विचारलं, "ताई, तुमचं पुस्तक जुनं होतं का?" रागानं नाही. खरंच माहिती हवी म्हणून.

आता मला सांगा, इतक्या वर्षांत बदललं काय? पोरांना पहिल्या वर्षी काय शिकवतात? 'कायद्याची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये लिहा.' परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड, वीस प्रश्न, पास. राज्यघटनेच्या मूळ चौकटीचा निकाल म्हणून केशवानंद भारतीवर दोन पानं लिहितात, पण तेरा न्यायमूर्तींचा तो निकाल 7 विरुद्ध 6 असा होता म्हणजे नेमकं कोण काय म्हणालं, हे उघडून कुणी बघत नाही. निकाल हातात दिला की हेडनोट, म्हणजे वर छापलेला सारांश, वाचून बाजूला ठेवतात. अरे, हेडनोट न्यायाधीश लिहीत नाही! ती छापणाऱ्याच्या संपादकानं लिहिलेली असते. बेंच किती जणांचं, तारीख कुठली, भांडण नेमकं कशाचं, कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि कुठलं वाक्य नुसतं ओघात आलं, म्हणजेच रेशिओ कुठला आणि ऑबिटर कुठलं, आणि शेवटी, हा निकाल आज जिवंत आहे का. एवढंच तर आहे. महिनाभर रोज एक निकाल बसून वाचला तर हात बसतो.

आणि 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाल्यानंतर तर हे आणखी नडतंय. कलम 482 म्हटलं की जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, आणि तिच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसमध्ये त्याच नंबरला अटकपूर्व जामीन. आकडा तोच, अर्थ वेगळा. नुसत्या आकड्यावर सर्च मारणारा पोरगा काय शोधून आणेल?

कॉलेजात शिकवायला माणसं कमी आहेत, मान्य. बार कौन्सिलनं तीन वर्षांच्या कोर्सला किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिप लावलीय, तेही मान्य. पण त्या बारा आठवड्यांत आपण वकील मंडळी त्यांच्याकडून झेरॉक्स आणि तारखा घेण्यापलीकडे काय करून घेतो? मीच महिनाभर काय केलं? त्याला फाइली लावायला सांगितल्या. निकाल कसा शोधायचा हे एकदाही शेजारी बसवून दाखवलं नाही.

त्या चाळीच्या केसमधलं खरं दुखणं तर मी अजून लिहिलंच नाही. बॉम्बे रेंट अॅक्टला, म्हणजे त्याच भाडे नियंत्रण कायद्याला, कलम 13(2) होतं. खोली गेल्यानं भाडेकरूची अडचण मोठी की न मिळाल्यानं मालकाची, हे कोर्टानं तोलायचं. त्या माणसाची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, चार पोरं, दुसरीकडे जागा नाही. सगळा पुरावा रेकॉर्डवर होता. त्यावर मी दोन वाक्यं बोलले. माझं सगळं लक्ष त्या जुन्या निकालावर. खोली गेली. तरीही गेली असती असं सीनियर म्हणाले, माझं मन राखायला म्हणाले असतील. रात्री त्यांनी एआयआरचे, म्हणजे निकाल छापणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे, खंड टेबलावर मांडले आणि एका निकालाचं पुढच्या निकालांत काय झालं हे कसं बघत जायचं ते अकरा वाजेपर्यंत शिकवलं. ते मला कॉलेजच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी राग उतरल्यावर त्या मुलाशी बोलले. मंगळवेढ्याकडचा आहे, सगळं शिक्षण मराठीत. इंग्रजीत लांबलचक निकाल पाहिला की छातीत धडधडतं म्हणाला, म्हणून कुणीतरी केलेला सारांश बघतो. ई-एससीआर या सुप्रीम कोर्टाच्याच वेबसाइटवर त्याचे निकाल फुकट आहेत आणि काहींचं मराठी भाषांतरही आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. तिसऱ्या वर्षाला आहे पोरगा! मग आम्ही दोघं विनीता शर्मा घेऊन बसलो. मी वाचत नव्हते, तो वाचत होता. अडखळत, पेन्सिलनं खुणा करत. फुलवतीचं नाव आलं तिथे थांबला आणि खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, मावशींना फोन मीच करतो."

केला. सातबारा आणि जुने फेरफार घेऊन त्या सोमवारी येणार आहेत.

आता माझ्या वकील मित्रमैत्रिणींनो, शनिवारी दुपारी दोन तास द्या. जागा माझं ऑफिस, एआयआर माझ्याकडे आहेत. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पोरं पाठवा. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी, चार पुतळ्यापाशी, रोज चहा पितात, पण इंग्रजांनी लावलेल्या 1930 च्या आपल्या सोलापूरच्या मार्शल लॉवर मुंबई हायकोर्टाचा निकाल एआयआर 1931 बॉम्बे, पान 57 वर छापलेला आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. पहिल्या शनिवारी तोच वाचू. येताना वही, पेन्सिल आणि बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, आणा. गाइड घरी ठेवा.