निळी प्रत परत आली का?

काल संध्याकाळी आमच्या कारखान्याचा ‘फॉर्म चार’ पोर्टलवर चढवला. धोकादायक कचऱ्याचं वार्षिक विवरणपत्र. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचा हिशेब ३० जूनच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जावा लागतो. पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत झिंक प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडी भागांवर जस्ताचा थर चढवणाऱ्या, एका छोट्या कारखान्यात मी चौदा वर्षं काम करते. स्टोअर, बिलं आणि हे सगळे फॉर्म माझ्याकडे असतात.

दोन दिवसांपूर्वी ओळखीतल्या एका कारखानदारांनी लिहिलं होतं की हे फॉर्म म्हणजे लहान उद्योजकाला छळायचं साधन आहे, सगळे रद्द करा. खाली पन्नासेक जणांनी ‘अगदी बरोबर’ म्हटलं. ते गृहस्थ कष्टाळू आहेत, त्यांचा वैताग खोटा नाही. तरीही मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

आधी आमच्याकडे कचरा म्हणजे काय निघतो ते सांगते. प्लेटिंगच्या टाक्यांमधलं पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत येतं, तिथे धातू खाली बसवतात आणि गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून हिरवट-करडा गाळ निघतो. शॉपवर सगळे त्याला ‘स्लज’ म्हणतात. मशिनचं काळं तेल असतं. हात आणि जॉब, म्हणजे प्लेटिंगला आलेले भाग, पुसलेल्या चिंध्या असतात. आणि केमिकलचे रिकामे ड्रम. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत या प्रत्येकाला क्रमांक आहे. वापरलेलं तेल ५.१, रिकामे ड्रम ३३.१, चिंध्या ३३.२, ईटीपीचा गाळ ३५.३. सुरुवातीला हे आकडे पाठ करताना डोकं दुखायचं. आता चिंधी बघितली की आकडा आपोआप आठवतो.

फॉर्म तीन म्हणजे रोजचं रजिस्टर. किती निघालं, कुठे ठेवलं, कधी पाठवलं. फॉर्म चार त्याचीच वर्षाची बेरीज. दोन्हींच्या मध्ये येतो फॉर्म दहा, म्हणजे मॅनिफेस्ट, आणि माझ्या मते सगळ्या नियमांचा जीव त्यात आहे. गाडी गेटबाहेर पडण्याआधी त्याच्या सात रंगांच्या सात प्रती कराव्या लागतात आणि सातही प्रतींवर पाठवणाऱ्याची सही लागते. पांढरी आपण मंडळाला पाठवायची, पिवळी ड्रायव्हरची सही घेऊन आपल्याकडे ठेवायची. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. माल उतरला की गुलाबी तिथेच राहते, नारिंगी गाडीवाल्याला मिळते, हिरवी तिकडून मंडळाला जाते. करडी फक्त माल दुसऱ्या राज्यातून आलेला असेल तर त्या राज्याच्या मंडळाला. आणि निळी आपल्याकडे परत येते.

या निळ्या प्रतीवर माझा फार जीव आहे. आपल्या गेटमधून गेलेला गाळ सांगितलेल्या ठिकाणी, सांगितलेल्या वजनाचा पोचला, असं ती आपल्याला कळवते. ती आली नाही तर त्या गाडीचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत नसतं. मोकळ्या माळावर, ओढ्याच्या काठी, रात्री रिकामी झालेली गाडी कागदावर ‘गेली’ एवढीच दिसते.

हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं असं नाही. मी लागले तेव्हा फॉर्म चार बाहेरचे एक सल्लागार भरून द्यायचे. मी विचारलं, गाळाचा आकडा कुठून घेऊ? ते म्हणाले, गेल्या वर्षीचा घ्या, थोडा वाढवा. ड्रमपुढे शून्य लिहा, कारण ड्रम भंगारात जातात, त्यांचे उलट पैसेच मिळतात. दोन वर्षं मी तसंच लिहिलं. सगळं जुळायचं, कोणी काही विचारलं नाही.

मग टाक्यांवर काम करणाऱ्या आमच्या एका काकांच्या घरी गेले होते, हळदीकुंकवाला. दोन खोल्यांचं घर, बाहेर नळ, एक दिवसाआड पाणी. दारात दोनशे लिटरचा निळा ड्रम पाण्यानं भरलेला. लेबल खरवडलेलं होतं, पण बुंध्याशी पिवळसर ओघळ तसाच होता. तो रंग मी रोज बघते. जस्ताच्या थरावर शेवटी गंज टाळायला पिवळं पॅसिव्हेशन करतात, त्या रसायनाचा तो ओघळ म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम. कॅन्सर करणारं रसायन म्हणून जगभर ओळखलं जाणारं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “भंगारवाल्याकडून घेतला. तीनदा साबणानं धुतलाय ताई, वास पण येत नाही.” आत त्यांची नात त्याच पाण्यानं तोंड धूत होती.

तो ड्रम आमच्याच कारखान्यातला होता की शेजारच्या, ते मला कधी कळलं नाही. कळायला कागदच नव्हता. आमच्या विवरणपत्रात ड्रमपुढे शून्य होतं. अशाच कुठल्यातरी शून्यातून तो ड्रम बाहेर पडला आणि त्या पोरीच्या दारात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं. त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. त्या महिन्यापासून आमचा एकही ड्रम भंगारात गेला नाही. ड्रममधलं उरलंसुरलं रसायन काढून तो स्वच्छ करायची परवानगी असलेल्याच ठिकाणी ते जातात आणि नगावर मोजून लिहिले जातात. काकांना घरी पाण्यासाठी नवी टाकी मालकांनीच घेऊन दिली.

म्हणून ‘फॉर्म रद्द करा’ म्हटलं की मला ती पोर दिसते.

पण फॉर्म भरणं आणि खरा फॉर्म भरणं यात केवढं अंतर आहे, ते बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. गाळाचंच बघा. फिल्टर प्रेसमधून निघतो तेव्हा तो ओला असतो. शेडमध्ये महिनाभर पडला की वाळतो आणि वजन उतरतं. म्हणजे रोजच्या रजिस्टरमधली बेरीज एक, आणि गाडीत चढवताना काट्यावर भरणारं वजन दुसरं. खरं लिहिणाऱ्याच्या हिशेबात हा फरक येणारच, पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. आम्ही आता दोन्ही वजनं लिहितो आणि शेरा टाकतो. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी हा फरक बघून पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या, मग शेडमध्ये जाऊन स्वतः गाळ हातात घेऊन बघितला आणि सही केली. असे अधिकारी हवेत. किलोला किलो जुळलेलं प्लेटिंगवाल्याचं रजिस्टर दिसलं, तर ते शेडमध्ये लिहिलंय की टेबलावर, हे विचारायला हवं.

दुसरी गोष्ट भाषेची. ड्रमवर आणि गोणीवर लावायच्या लेबलचा नमुना फॉर्म आठमध्ये आहे. झगझगीत पिवळी पार्श्वभूमी, ‘धोकादायक कचरा’ आणि ‘काळजीपूर्वक हाताळा’ हे शब्द लाल रंगात, आणि ते हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. हे नियमातच लिहिलेलं आहे, कोणाच्या मेहरबानीची गोष्ट नाही. तरी किती शेडमध्ये मराठी लेबल दिसतं? आमच्याकडेही बरीच वर्षं नुसतं इंग्रजी होतं. ड्रम उचलणारे निम्मे मराठवाड्यातले, निम्मे बिहारचे. ज्यांच्या हाताला अॅसिड लागणार, त्यांना वाचता येत नाही असं लेबल आम्ही त्यांच्या डोळ्यांसमोर लावून ठेवलं होतं. रंगाऱ्याकडून तिन्ही भाषांत लिहून घेतलं त्या आठवड्यात एक मुलगा विचारायला आला, “मॅडम, मग या चिंध्या आम्ही चहाची शेगडी पेटवायला वापरतो ते चालतं का?” म्हणजे कित्येक वर्षं ते तेलकट, रसायनाच्या चिंध्या जाळत होते आणि धूर अंगावर घेत होते. कुठल्याही ऑडिटमध्ये हे सापडलं नव्हतं.

तेव्हापासून रोजचं रजिस्टर मराठीत आहे आणि काट्याजवळच टांगलेलं आहे. काका स्वतः वजन लिहितात. मी महिन्याच्या शेवटी त्यांच्या वहीवरून पोर्टलवर चढवते. पोर्टलचे फॉर्म मात्र इंग्रजीतच भरावे लागतात, आणि म्हणूनच छोटा कारखानदार सल्लागाराच्या हाती जातो. गाळ कधी डोळ्यांनी न बघितलेला माणूस मग गाळाचा आकडा लिहितो. फॉर्म सोपा करायचा तर इथे करा. रकाने मराठीत द्या, भरणाऱ्याला त्याचंच रजिस्टर समोर दिसू द्या.

कारखानदारांच्या तक्रारीत एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आणि त्याबद्दल मीही त्यांच्या बाजूनं भांडेन. नियम म्हणतो की कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. वर्षाला दहा टनांच्या आत निर्माण करणाऱ्याला मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. आमचा सगळा गाळ वर्षाला टनभरही भरत नाही. चार गोण्यांसाठी रांजणगावच्या बाजूला, जिथे या कचऱ्याची विल्हेवाट लावतात तिथे, स्वतंत्र गाडी न्यायची तर भाडं कचऱ्याच्या खर्चापेक्षा जास्त होतं. फोन केला की उत्तर येतं, गाडी भरेल एवढा माल झाला की कळवा. तोवर दिवस उलटून जातात. मग माणूस एक तर तारखा खोट्या लिहितो, नाहीतर रात्री कोणाच्या तरी टेम्पोत गोण्या टाकतो. आधी प्रामाणिक असलेली दोन-तीन माणसं मी या वाटेनं जाताना बघितली आहेत.

आपल्या गल्लीत घंटागाडी येते ना, तशी एमआयडीसीत का येऊ नये? ठरलेल्या वारी, ठरलेल्या रस्त्यानं, परवाना असलेली गाडी. प्रत्येक गेटवर काटा, प्रत्येक गेटवर मॅनिफेस्ट, चार गोण्या असल्या तरी चालतील. खर्च वजनावर वाटून घ्यावा. हे काही नवीन शोध लावण्यासारखं नाही. लहान दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा अशाच फेऱ्यांनी गोळा होतो, अन् तिथे तर ४८ तासांची मुदत असते. औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी फॉर्म रद्द करण्याच्या निवेदनांऐवजी या गाडीसाठी निवेदन द्यावं. पहिली सही मी करेन.

(घरातल्या ट्यूबलाइट, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं यांच्यासाठी २०१६ च्या घनकचरा नियमांनी दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र सांगितलं होतं. तुमच्या शहरात ते कुठे आहे माहीत असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा, मला खरंच हवं आहे.)

हे नियम आले कुठून तेही आठवू या. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं, १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच कायद्याखाली १९८९ मध्ये धोकादायक कचऱ्याचे पहिले नियम. पण भोपाळच्या त्या कारखान्यात पडून असलेला ३३७ टन कचरा हलला तो जानेवारी २०२५ मध्ये. बारा कंटेनर रात्रीतून मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला, तिथल्या भट्टीत जाळायला निघाले. चाळीस वर्षं! आणि पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, कारण सगळं शास्त्रीय पद्धतीनं जाळलं जाईल या सरकारी कागदावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मी त्यांना दोष देत नाही. शेजारच्या कारखान्यातून काय निघतं, किती निघतं, कुठे जातं याचे खरे आकडे लोकांनी वर्षानुवर्षं बघितले असतील तरच ते अशा कागदावर विश्वास ठेवतील. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये कारखान्याच्या गेटबाहेर ही माहिती फलकावर लावायला सांगितली ती याचसाठी. आमच्या रस्त्यावर किती फलकांवर या वर्षीचे आकडे आहेत ते एकदा चालत जाऊन बघा. बरेच फलक उन्हानं पांढरे पडलेत.

एप्रिल २०२४ पासून पर्यावरण कायद्यातली तुरुंगाची शिक्षा जाऊन दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला आहे. चुकून तारीख हुकलेल्या लहान माणसाच्या मानेवरची तलवार गेली, ते चांगलंच झालं. पण मुद्दाम शून्य लिहिणाऱ्याला आणि ३० जूनऐवजी ५ जुलैला खरा आकडा देणाऱ्याला एकाच मापानं मोजू नका, एवढी माझी विनंती आहे.

इंद्रायणी आमच्यापासून लांब नाही. आळंदीला पाण्यावर फेस आला की टीव्हीवाले येतात, सगळे कारखान्यांकडे बोट दाखवतात. त्यात शहराचं सांडपाणीही मोठं आहे, हे मला माहीत आहे. पण वारीला निघालेली म्हातारी त्या पाण्यात उतरताना, आमच्या चार गोण्या त्यात नव्हत्या हे मला नुसतं वाटून चालत नाही. दाखवता आलं पाहिजे.

या वर्षीच्या फॉर्म चारमध्ये गाळ, तेल, चिंध्या, ड्रम सगळं लिहिलं आहे, ओलं आणि वाळलेलं दोन्ही वजनांसह. मे महिन्यात गेलेल्या गाडीचा माल पुढच्या वर्षीच्या हिशेबात येईल, पण तिची निळी प्रत अजून आलेली नाही. सोमवारी सकाळी पहिला फोन त्याचाच करणार आहे.