समितीचं बोलावणं म्हणजे चहाचं आमंत्रण नव्हे

“संसदेच्या समित्या म्हणजे शेतातलं बुजगावणं. अधिकारी आले तर आले, नाही आले तर समिती काही करू शकत नाही. सरकारने ‘गोपनीय’ म्हटलं की विषय संपला. मंत्र्याला बोलावता येत नाही. सगळं बंद दाराआड, आणि अहवाल रद्दीत.” अशा आशयाचा मजकूर सध्या सगळीकडे पुढे पाठवला जातोय. एरवी नीट वाचून बोलणाऱ्या माणसांनीही तो मला पाठवला. त्यातला राग मला समजतो. पण तो राग चुकीच्या जागी नेऊन ठेवलाय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन हे उत्तर.

“आले तर आले, नाही आले तर नाही.”

हे साफ चूक आहे. राज्यघटनेच्या कलम १०५ ने सभागृहांना आणि त्यांच्या समित्यांना विशेषाधिकार दिले आहेत. लोकसभेच्या नियम २६९ नुसार महासचिवांच्या सहीच्या आदेशाने साक्षीदाराला बोलावता येतं. नियम २७० माणसं, कागदपत्रं आणि दफ्तर मागवण्याचा अधिकार देतो. साक्ष शपथेवरही घेता येते. रोजच्या व्यवहारात समन्सची वेळ सहसा येतच नाही. मंत्रालयाला पत्र जातं आणि सचिव फायली घेऊन हजर होतात.

न येणं, कागद दडवणं किंवा खोटं सांगणं हा हक्कभंग ठरू शकतो, आणि ही केवळ पुस्तकातली धमकी नाही. सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीसमोर खोटी साक्ष दिल्याबद्दल लोखंड-पोलाद नियंत्रणाच्या खात्यातल्या एका माजी अधिकाऱ्याला डिसेंबर १९७० मध्ये लोकसभेने सभागृहासमोर उभं करून समज दिली होती. हे फार क्वचित घडतं, हे खरं. पण अधिकारच नाही असं म्हणणं आणि तो कुणी वापरत नाही असं म्हणणं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

समिती स्वतः शिक्षा देऊ शकत नाही, हेही खरंच. तिला लोकसभा अध्यक्षांकडे आणि सभागृहाकडे जावं लागतं, आणि सभागृहात बहुमत सरकारचं असतं. दुखणं इथे आहे. २८ जुलै २०२१ ला काय झालं ते आठवा. शशी थरूर अध्यक्ष असलेल्या माहिती-तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीची बैठक होती. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरवरून गदारोळ चालू होता आणि विषय होता नागरिकांच्या माहितीची सुरक्षितता. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती-तंत्रज्ञान, गृह आणि दूरसंचार या तिन्ही खात्यांचे अधिकारी कारणं देऊन आलेच नाहीत. बैठकीच्या खोलीत सत्ताधारी पक्षाचे खासदार होते, पण त्यांनी हजेरीपटावर सही केली नाही. गणपूर्तीसाठी एक तृतीयांश सदस्य लागतात, तेवढे कागदावर भरले नाहीत आणि बैठक बारगळली. थरूर यांनी लोकसभा अध्यक्षांना पत्र लिहून दखल घेण्याची विनंती केली.

या प्रसंगात नियम कुठे कमी पडला? नियम २७० त्या दिवशीही जसाच्या तसा होता. ज्यांना आपण निवडून पाठवलं, ते खोलीत येऊनही समितीत बसले नाहीत. ‘समितीला अधिकारच नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या न केलेल्या सह्यांचा हिशेब मागायचं विसरतो. मला या मजकुराचा सर्वात जास्त त्रास होतो तो याचसाठी.

“गोपनीय म्हटलं की संपलं.”

नियम २७० चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, जरा सावकाश वाचायला हवी. राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल या कारणावरून सरकार एखादा *दस्तऐवज* द्यायला नकार देऊ शकतं. ही सवलत कागदाला आहे. ‘अधिकारी पाठवणार नाही’ असं म्हणण्याची मुभा त्यात नाही. अमुक साक्ष किंवा अमुक कागद समितीच्या कामाशी संबंधित आहे का, असा वाद निघाला तर तो लोकसभा अध्यक्ष ठरवतात, मंत्रालय नव्हे. शिवाय एखादी साक्ष गुप्त ठेवायची असेल तर समिती ती तशी ठेवू शकते. म्हणजे गुपित सांभाळण्याची सोय आहे. त्यासाठी गैरहजर राहायची गरज नाही.

“मंत्र्याला बोलावता येत नाही, मग बाबूला विचारून काय?”

अर्धं खरं. लोकसभा अध्यक्षांच्या निदेश ९९ नुसार खर्चाची किंवा हिशेबाची तपासणी करताना लोकलेखा समितीसारख्या वित्तीय समित्या मंत्र्याला साक्षीसाठी बोलावत नाहीत. नोटाबंदीनंतर जानेवारी २०१७ मध्ये लोकलेखा समितीचे अध्यक्ष के. व्ही. थॉमस पंतप्रधानांनाही बोलावता येईल असं बोलून गेले, आणि याच तरतुदीमुळे त्यांना ते मागे घ्यावं लागलं. पण एखाद्या प्रकरणासाठी दोन्ही सभागृहांतून नेमलेल्या संयुक्त संसदीय समितीचं वेगळं आहे. १९९२ च्या रोखे घोटाळ्याच्या समितीपुढे तेव्हाचे अर्थमंत्री मनमोहन सिंग गेले होते.

मंत्री नाही म्हणून सचिवाची साक्ष फुकट जात नाही. मंत्री सभागृहाला उत्तर देतो. सचिव हा खात्याच्या पैशाचा मुख्य लेखा प्राधिकारी असतो. महालेखापरीक्षकांनी अहवालात नोंदवलेला खर्च कुणी मंजूर केला, का केला, हे त्याच्या फायलीत असतं. १९५० पूर्वी लोकलेखा समितीचं अध्यक्षपद अर्थखातं सांभाळणाऱ्याकडेच असे, म्हणजे खर्च करणाराच तपासनीस. १९६७ पासून ते विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा पडली आणि मिनू मसानी पहिले. या वाटेला पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला आहे, ती अशी एका मजकुरात पुसून टाकू नये.

“अहवाल रद्दीत जातात.”

काही जातात. पण साक्षीतून काय बाहेर आलं ते पाहा. ७ नोव्हेंबर २०१६ ला सरकारने सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या मंडळाने नोटाबंदीची शिफारस केली, हा क्रम देशाला समजला तो बँकेने अर्थविषयक स्थायी समितीला दिलेल्या टिपणातून. मार्च २०१८ मध्ये संरक्षणविषयक समितीच्या अहवालातून कळलं की लष्कराच्या ६८ टक्के सामग्रीचं वय उलटून गेलं आहे. हे कुणा विरोधी नेत्याचं भाषण नव्हतं, उपलष्करप्रमुख सरथ चंद यांनी समितीला सांगितलं होतं. वर्दीतला माणूस हे जाहीर सभेत बोलू शकत नाही, समितीच्या खोलीत बोलू शकतो. बंद दाराचं एक कारण हेच. त्या समितीचे अध्यक्ष भुवनचंद्र खंडुरी यांच्या जागी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरे अध्यक्ष आले. बुजगावण्याची एवढी दखल कुणी घेत नाही.

तरीही बंद दाराबद्दल माझं मत वेगळं आहे. सुरक्षेचा प्रश्न नसेल तिथे साक्ष खुली असावी. ब्रिटनमध्ये समित्यांच्या साक्षी प्रक्षेपित होतात, आपल्याकडे पाणीपुरवठ्याच्या किंवा रेल्वेच्या खर्चावरच्या साक्षी झाकून ठेवायचं कारण मला दिसत नाही. दार बंद असलं की कुजबुज वाढते. मे २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाच्या अंदाज समितीचा दौरा सुरू असताना धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहातल्या खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपये रोख सापडले. खरं काय ते चौकशीने ठरेल. पण त्या बातमीनंतर समितीच्या दौऱ्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, ते ऐकलं की वाईट वाटतं.

मर्यादाही आहेत. संदेशखालीच्या प्रकरणात (तिथे जाताना पोलिसांनी गैरवर्तन केल्याची एका खासदाराची तक्रार होती) लोकसभेच्या विशेषाधिकार समितीने पश्चिम बंगालच्या मुख्य सचिव-पोलीस महासंचालकांना बोलावलं, त्या कार्यवाहीला फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. फेसबुक इंडियाचे तेव्हाचे प्रमुख अजित मोहन यांच्या खटल्यातल्या जुलै २०२१ च्या निकालात न्यायालयाने दिल्ली विधानसभेच्या समितीचा बाहेरच्या माणसालाही बोलावण्याचा अधिकार मान्य केला, पण पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था हे विषय तिच्या कक्षेबाहेर ठेवले.

विभागवार स्थायी समित्या २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य. प्रत्येक अहवालाच्या शेवटी बैठकीचं इतिवृत्त असतं आणि कोण हजर होतं त्यांची नावं असतात. अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर खुले आहेत. तो मजकूर पुढे पाठवण्याआधी आपला खासदार कोणत्या समितीवर आहे ते शोधा, आणि शेवटच्या चार बैठकांच्या इतिवृत्तांत त्याचं नाव आहे का ते पाहा.