रॉकेट लावलं होतं हे खरं, पण टाकी बाहेर होती हेही खरंच

आमच्या घरच्या ग्रुपवर काल परत तोच मेसेज आला. शेवरोलेच्या जुन्या सी-के पिकअपचा 'खरा इतिहास', पाच मुद्दे, आणि खाली 'सगळ्यांना पाठवा'. एरवी मी सोडून दिलं असतं, पण यावेळी पाठवला माझ्या भाच्याने. तो टेक्सासात असतो, १९७८ ची सी-टेन, म्हणजे याच सी-के मालिकेतली पिकअप, घ्यायला निघालाय, आणि मेसेजखाली त्याने लिहिलंय, 'मामा, पेट्रोलच्या टाकीवरून तुम्ही उगाच घाबरवत होता, हे वाचा.' वाचलं. आता तू वाच.

मुद्दा एक, पिकअप शेवरोलेनेच १९१८ ला शोधला म्हणे. १९१८ ला त्यांचे ट्रक आले हे बरोबर, पण ते हौद्याशिवाय मिळायचे, मागचं लाकडी बॉडीचं काम गिऱ्हाईक स्वतः सुताराकडून करून घ्यायचं. फोर्डने १९२५ ला मॉडेल टी कारखान्यातूनच हौदा लावून विकली, २८१ डॉलरला. मुद्दा दोन, सी म्हणजे सिटी आणि के म्हणजे कंट्री. अरे नाही रे बाबा. सी म्हणजे टू व्हील ड्राइव्ह, के म्हणजे फोर बाय फोर, १९६० च्या मॉडेलपासून हे असंच आहे. मुद्दा तीन, सिल्व्हराडो हे पहिल्यापासूनचं नाव. १९७५ ला ते वरच्या ट्रिमचं, म्हणजे जास्त सजावट-सोयींच्या महागड्या प्रकाराचं, नाव म्हणून आलं, गाडीचं स्वतःचं नाव झालं १९९९ च्या मॉडेलला. हे चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही, सोडा.

मी लिहायला बसलोय ते चौथ्या मुद्द्यासाठी. 'टाक्या पेटतात ही अफवा होती, एनबीसीने रॉकेट लावून गाडी पेटवली, नंतर माफी मागितली, म्हणजे गाडी एकदम सेफ.'

यातलं अर्धं खरंय आणि ते मान्य करावंच लागतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये एनबीसी या अमेरिकन टीव्ही चॅनेलच्या डेटलाइन या बातम्यांच्या कार्यक्रमाने या ट्रकच्या धडकेची टेस्ट दाखवली, तिच्यात ट्रकला खेळण्यातल्या रॉकेटची छोटी इंजिनं बांधली होती, ठिणगी पडावी म्हणून, आणि प्रेक्षकांना हे सांगितलंच नाही. शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने केस टाकली, ९ फेब्रुवारी १९९३ ला चॅनेलने टीव्हीवर माफी मागितली, पुढच्या महिन्यात त्यांच्या न्यूजच्या प्रमुखाने राजीनामा दिला. लबाडी होती ती, आणि त्या लबाडीने सगळ्यात जास्त नुकसान केलं ते खरं बोलणाऱ्यांचं, कारण तेव्हापासून कोणीही टाकीचा विषय काढला की समोरचा रॉकेट काढतो.

पण गाडीखाली वाकून बघा ना. १९७२ पर्यंत या पिकअपची टाकी कॅबिनमध्ये, सीटच्या मागे असायची. ती तिथून हलवली हे चांगलंच केलं. पण १९७३ पासून नेली कुठे, तर चेसीच्या लाँग मेंबरच्या, म्हणजे सांगाड्याच्या लांब लोखंडी तुळईच्या, बाहेर, हौद्याच्या पत्र्याच्या आत. दोन बाजूंना दोन टाक्या घेतल्या की दीडशे लिटरपर्यंत पेट्रोल, आणि बाजूने कोणी ठोकलं तर मध्ये फक्त पत्रा. १९८७ पर्यंत हेच चालू. १९८८ चं नवीन मॉडेल आलं तेव्हा टाकी लाँग मेंबरच्या आत गेली. बाहेरची जागा इतकी सेफ होती तर आत का नेली, याचं उत्तर त्या मेसेजमध्ये नाहीये.

आणि तारखा बघा. जॉर्जियात एक १७ वर्षांचा मुलगा असल्याच ट्रकमध्ये बाजूने धडक बसून आगीत गेला, १९८९ ला, म्हणजे डेटलाइनच्या तीन वर्षं आधी. त्याच्या गाडीला कोणी रॉकेट बांधलं नव्हतं. अटलांटाच्या ज्युरीने आईवडिलांना १० कोटी डॉलरच्या वर भरपाई दिली, पुढे अपिलात तो निकाल रद्द झाला, तेही सांगतो, लपवायचं कशाला.

पाचवा मुद्दा, 'शेवटी सरकारने क्लीन चिट दिली.' हे सरळ खोटं. १७ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेचे वाहतूक मंत्री फेडेरिको पेन्या यांनी जाहीर केलं की या ट्रकमध्ये सुरक्षेचा दोष आहे, आणि बाजूच्या धडकेनंतरच्या आगीत सुमारे १५० माणसं गेलीत. मान्य, हा प्राथमिक निष्कर्ष होता, आणि ट्रक त्यावेळच्या सरकारी क्रॅश टेस्टच्या नियमात बसत होते, कंपनीचं सगळं म्हणणं त्यावरच उभं होतं. पण नियमात बसणं वेगळं आणि माणूस वाचणं वेगळं. डिसेंबरात तडजोड झाली, कंपनीने ५ कोटी १० लाख डॉलरच्या वर सुरक्षेच्या कार्यक्रमांना द्यायचे आणि चौकशी बंद. रिकॉल, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं, झालाच नाही. म्हणजे तू जी गाडी बघतोयस तिची टाकी कारखान्यातून निघाली तिथेच असणार, कोणी मधल्या काळात हलवली नसेल तर.

गाडी घेऊ नको असं मी म्हणतच नाहीये, देखणी आहे ती. फक्त पैसे द्यायच्या आधी खाली वाकून दोन्ही बाजूंचे फोटो काढून मला पाठव. त्याच काळातल्या शेवरोलेच्याच ब्लेझर गाडीची टाकी मागे, दोन लाँग मेंबरच्या मध्ये असायची, तिकडचे बरेच लोक तीच टाकी या पिकअपला बसवून घेतात. त्याचा खर्च धरून भाव कर, आणि काम होईपर्यंत पोरांना त्यात बसवू नकोस.