बादशाहला विचारून सांगतो

वर्षानुवर्षं ‘भेटायचं रे एकदा’ एवढ्यावरच तग धरून असलेला आमचा कॉलेजचा ग्रुप गेल्या शनिवारी खरोखरच निघाला. बेत गोव्याचा होता. त्यातून बायकांच्या परवानग्या, मुलांच्या परीक्षा आणि संज्याचं ऑडिट वजा जाता माथेरान उरलं.

दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही. हे माथेरानचं वैभव वगैरे ठीक आहे, गुडघा धड असता तर मीही कौतुक केलं असतं. अमन लॉज स्टेशनहून बाजारात जाणारी मिनी ट्रेनची शटल आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली, कारण पक्याला नेरळला दुसरा वडापाव हवा होता. ई-रिक्षाच्या रांगेचं शेपूट दिसत नव्हतं. हातरिक्षाचं नाव संज्याने काढलं, पण माणसाने माणसाला ओढणं बंद करा असं सर्वोच्च न्यायालयानेच २०२५ मध्ये बजावलंय, आणि तसंही मला त्यात बसवलं नसतं. राहिला घोडा.

बाकीच्यांचे सौदे पटापट जमले. माझ्यापाशी आलेला घोडेवाला मात्र काही बोलेना. तंबाखू मळत त्याने मला एक प्रदक्षिणा घातली.

“वजन किती, शेठ?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“खरं सांगा. मला काय, ओझं बादशाहला.”

मागे पक्या फिदीफिदी हसला. हा तोच पक्या, जो तिन्ही वर्षं माझ्या जर्नलवर पास झाला. घोडेवाल्याने लांबच्या एकाला हाक मारली, “ए, जरा बघ रे हे.” दुसरा आला, त्याने डोळे बारीक केले आणि म्हणाला, “पुढनं वाटत नाय. मागनं हाय.”

“मग येणार का नाही?” मी जरा चढ्या आवाजात.

“बादशाहला विचारून सांगतो.”

आणि तो खरंच घोड्याच्या कानाशी गेला. बादशाहने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि तिथेच लीद टाकली.

“हो म्हणतोय. पण दोनशे जास्त पडतील.”

मी दरपत्रकाच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. त्यात वजनाचा रकाना कुठे आहे?

“बोर्ड साध्या माणसासाठी हाय, शेठ.”

१८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट या डोंगरावर आला आणि माथेरान नावारूपाला आलं. त्याला कुणी दोनशे जास्त मागितले असतील असं वाटत नाही.

चढ लागला की बादशाह थांबे, आणि घोडेवाला अदबीने म्हणे, “जरा उतरता का?” म्हणजे भाडं घोड्याचं आणि तांबड्या धुळीत पाय माझे. रिकामा बादशाह पुढे टापा वाजवत चाललेला. “बघा कसा खूश हाय,” घोडेवाला मला दाखवत होता. उलट दिशेने येणारी एक चिमुरडी आईला म्हणाली, “मम्मी, त्या काकांना घोड्याने पाडलं का?” आई म्हणाली, “बघू नकोस तिकडे.”

इथवर मी हसण्यावारी नेलं. चीड आली ती रात्री, हिशेबाला. मी दारू पीत नाही, मटण-कोंबडी खात नाही. आख्खी संध्याकाळ मी शेंगदाणे आणि लिंबू सरबतावर काढली, वर आमच्या बँकवाल्या दिल्याचं ‘बँकेत माझी किंमतच नाही’ हे रडगाणं ऐकलं. तरी सगळ्या बाटल्या ‘सामायिक खर्चा’त. “मित्रांत काय तुझं-माझं!” म्हणे. आणि माझे ते दोनशे? यावर मात्र ठराव एकमताने पास झाला: वैयक्तिक खर्च. संज्या सीए आहे, त्याने तर त्याला ‘जादा सामानाचा आकार’ असं नावही दिलं.

आज सकाळी ग्रुपवर दिल्याचा मेसेज आला, ‘तुझे अकराशे चाळीस बाकी.’ मी चिकन लॉलीपॉपच्या चार प्लेटी वजा करून आकडा पाठवलाय. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, पण पक्याने पुढची ट्रिप ‘घोडे नसलेलं कुठलंही ठिकाण’ अशी सुचवली आहे, आणि त्याला सहा अंगठे मिळालेत.