‘क्लिअर’ मारलं म्हणजे सगळं पुसलं असं नाही

‘लॉगआउटच्या बटणावर लोकलस्टोरेज डॉट क्लिअर ही एक ओळ टाका, ब्राउझरमधला सगळा डेटा साफ होतो,’ असा सल्ला डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपवर फिरतोय. तो अर्धवट आहे. (लोकलस्टोरेज म्हणजे साइट ब्राउझरमध्ये डेटा साठवते त्यातला एक कप्पा.)

त्या ओळीने फक्त त्याच ओरिजिनचं (म्हणजे तोच प्रोटोकॉल, तेच होस्ट, तोच पोर्ट) लोकलस्टोरेज रिकामं होतं. सेशनस्टोरेजला (टॅबपुरता टिकणारा कप्पा) वेगळं क्लिअर लागतं. सर्व्हिस वर्करची (साइटची मागे चालणारी स्क्रिप्ट) कॅश, म्हणजे साठवलेल्या फाइल्स, जागच्या जागी. इंडेक्स्डडीबी (ब्राउझरमधला डेटाबेस) उडवायला डिलीटडेटाबेस ही आज्ञा आहे, पण दुसऱ्या टॅबमध्ये तोच डेटाबेस उघडा राहिला तर ‘ब्लॉक्ड’ इव्हेंट येतो आणि काम तिथेच अडून बसतं.

खरी गोम कुकीत (ब्राउझर सर्व्हरला पाठवत राहतो ती छोटी नोंद) आहे. जावास्क्रिप्टने कुकी पुसायची म्हणजे उलटून गेलेली एक्स्पायरी देऊन ती पुन्हा लिहायची. मूळ पाथ (साइटच्या कुठल्या भागासाठी कुकी आहे ते) ‘/ॲडमिन’ असताना तुम्ही नुसता ‘/’ दिलात, तर जुनी कुकी जागची हलत नाही. आणि एचटीटीपीओन्ली कुकी स्क्रिप्टला दिसतच नाही, ती पुसणार कशी? सेशनची (लॉगिन ओळखणारी) कुकी बहुधा अशीच असते (असायलाच हवी). म्हणजे स्क्रीनवर लॉगआउट झालेलं दिसतं, सर्व्हरच्या लेखी माणूस अजून आतच.

तेव्हा सेशन सर्व्हरवर रद्द करा आणि उत्तरात क्लिअर-साइट-डेटा हेडर (ब्राउझरला डेटा पुसायला सांगणारी सूचना) पाठवा. त्यातली ‘कुकीज’, ‘स्टोरेज’ ही मूल्यं दुहेरी अवतरणातच लिहायची; ती विसरलात तर ब्राउझर काहीच पुसत नाही. आणि हे चालतं एचटीटीपीएसवर.